वाचलेलं मिनिट

"मग आता तुम्हीच सांगा अक्का, यातला कोणता घेऊ?"

श्रीरंग टोणपेनं विचारलं आणि रुमालानं मान पुसली. टेकडी चढून आल्यावर तो अजून पाणीसुद्धा प्यायला नव्हता.

यमुनाक्का मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"कशातला?"

"प्रोसेसर, अक्का. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणा. तीन आहेत डोळ्यांपुढं. एक सगळ्यात जलद, पण किंमत ऐकली की घाम फुटतो. दुसरा जवळजवळ तेवढाच जलद, भावही रास्त, पण कुठल्याच दुकानात शिल्लक नाही. तिसरा कुठंही मिळतो, पण मागच्या वर्षीचा."

"मग?"

"मग काय... दुसरा यायची वाट बघतोय. तो येणार म्हटलं की कळतं, त्याहून चांगला निघालाय."

अक्कांनी एक शेंग फोडली. दोन दाणे स्वतः घेतले, एक त्याच्या हातावर ठेवला.

खरं तर श्रीरंगला कुणाला काही विचारायची सवय नव्हती. तो सांगलीत तंत्रनिकेतनात शिकवायचा. ओळखीपाळखीत कुणाला कॉम्प्युटर घ्यायचा झाला की पहिला फोन त्याला यायचा. तोही न अडखळता सांगून टाकायचा, हा घे, तो नको. लोक संध्याकाळपर्यंत घेऊन मोकळे व्हायचे. आपला शब्द म्हणजे शेवटचा शब्द, हे त्यालाही ठाऊक होतं आणि ते त्याच्या चालण्यातही दिसायचं.

स्वतःचा मात्र घेणं होत नव्हतं.

आणि घ्यायचा होता तो मठासाठी. एके काळी दर गुरुवारी मठात भजन रंगायचं. नरसूतात्यांचा पखवाज आणि त्यांच्या बायकोचा, भागीरथीचा आवाज. कुणा हौशी माणसानं ती भजनं कॅसेटवर धरून ठेवली होती. भागीरथी गेली. कॅसेटी ट्रंकेत सर्दावल्या. लावल्या तर नुसता खरखराट, त्यातून मधूनच एखादा सूर वर यायचा आणि बुडायचा.

"मी स्वच्छ करून देतो," श्रीरंगनं शब्द दिला होता. कॅसेटी त्यानं कॉम्प्युटरवर उतरवूनही घेतल्या. पण खरखर काढायला घेतली की त्याचं जुनं मशीन अर्ध्यातच मान टाकायचं. नवं मशीन जुळवायला हवं होतं, आणि नव्या मशीनचं घोडं प्रोसेसरपाशी अडलं होतं.

तात्या भेटले की विचारायचे, "मास्तर, झालं का?"

"थोडं थांबा तात्या. पुढच्या महिन्यात फार भारी येतोय."

तात्या मान हलवायचे आणि थांबायचे.

"हा जो दुसरा आहे," अक्का म्हणाल्या, "तो काय करील?"

श्रीरंग सावरून बसला. हा त्याचा प्रांत होता. "एक भजन तीन मिनिटांत चाळून काढील."

"आणि तो तिसरा? कुठंही मिळणारा?"

"त्याला चार लागतील." तो जरा हसला. "फरक आहे, अक्का. थोडाथोडका नाही."

"आहे खरा." अक्कांनी मांडीवरची टरफलं झटकली. "आणि ते वाचलेलं एक मिनिट... त्यात तू काय करणार आहेस?"

श्रीरंगनं हातावरचा दाणा तोंडात टाकला.

या प्रश्नाचं उत्तर प्रोसेसरच्या कुठल्याही परीक्षणात त्यानं वाचलं नव्हतं.

"तसं नसतं ते, अक्का," तो शेवटी म्हणाला. "हे एकदाच घ्यायचं असतं. घेताना चुकायला नको."

ओसरीच्या पलीकडच्या टोकाला, पाठमोरे, नरसूतात्या पखवाजाची वादी ताणत बसले होते. अक्कांनी त्यांच्याकडं बघून साध्या आवाजात हाक मारली.

"नरसू!"

तात्यांचा हात चालूच राहिला.

अक्कांनी जरा मोठ्यानं हाक मारली. मग टाळी वाजवली.

झाडावरची चिमणी उडाली. तात्या वळले नाहीत.

अक्कांनी श्रीरंगकडं पाहिलं आणि पुढची शेंग उचलली.

"कधीपासून...?" श्रीरंगनं विचारलं.

"दिवाळीत ऐकत होता की," अक्का म्हणाल्या. "संक्रांतीला जवळ जाऊन बोलायला लागायचं. आता खांद्याला हात लावते."

श्रीरंग तात्यांच्या पाठीकडं बघत राहिला. आपण त्यांना "थोडं थांबा" म्हणायचो, ते त्यांना शेवटचं नीट ऐकू कधी आलं असेल, कुणास ठाऊक. मग तो उठला, चपला पायांत अडकवल्या आणि पाणी न पिताच टेकडी उतरायला लागला.

"अरे, जेवून तरी जा!" मागून अक्का ओरडल्या.

सांगलीत इरफान नदाफच्या दुकानात तो शिरला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"या सर! तुमचा तो माल अजून आला नाही बघा."

"तुझ्याकडं आत्ता काय आहे?"

"आत्ता? म्हणजे... बघायला?"

"घ्यायला."

इरफाननं हातातला चहा खाली ठेवला. "सर, बरे आहात ना?"

"कपाटात काय आहे ते सांग."

"हा आहे, मागच्या वर्षीचा. चांगला आहे, तुम्हीच माझ्या मेहुण्याला घ्यायला लावला होता. पण सर, पुढच्या आठवड्यात म्हणतात..."

"इरफान, पुढच्या आठवड्याचं नाव काढू नकोस. त्याला बसेल तो बोर्ड दे आणि पिशवी दे."

इरफान खो खो हसला. श्रीरंगलाही हसू आलं. किती दिवसांनी त्याच्या डोक्यात एकाच गोष्टीला जागा होती, आणि ती त्याच्या हातात होती.

पुढच्या गुरुवारी तो टेकडी चढला तो मशीन खांद्यावर घेऊन, कॉम्प्युटरचा पडदा छातीशी धरून. पायऱ्यांवर दोनदा टेकला. वर पोचला तेव्हा त्याचा चेहरा पिकल्या मिरचीसारखा झाला होता आणि तो लहान पोरासारखा हसत होता.

ओसरीवर सगळं मांडलं. तात्यांना मधे बसवलं आणि मोठे हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. अक्कांसाठी बाजूला स्पीकर लावला.

"हे काय, मास्तर?" तात्या मोठ्यानं म्हणाले.

श्रीरंगनं आवाज पार वर नेला आणि बटण दाबलं.

आधी पखवाज आला. तरणाबांड, गच्च. त्यावर बाईचा आवाज, मोकळा, जरासा चढा.

तात्यांनी हात मांडीवर ठेवले होते, ते तसेच राहिले. डोळे विस्फारले. मग हळूच त्यांची बोटं मांडीवर पडायला लागली.

भजन रंगत गेलं. दुसऱ्या कडव्यात पखवाज कुठंतरी घसरला, आणि गाता गाताच ती बाई फिस्सकन हसली. हसू आवरून परत ओळीवर आली, पण ओळभर तिच्या सुरात ते हसू खुदखुदत राहिलं.

"ए!" तात्या ओरडले. "हसायला काय झालं? मी नाही चुकलो! तूच ओळ आधी उचललीस!"

श्रीरंग दचकला. तात्या पडद्याकडं बोट नाचवत होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"त्या दिवशी पण हेच म्हणत होता," अक्का श्रीरंगच्या कानाशी म्हणाल्या. "हाच चुकला होता."

"परत लाव, मास्तर!" तात्यांनी त्याचं मनगट धरलं. "तेवढंच. ती हसते तिथनं."

श्रीरंगनं परत लावलं. परत तात्या भांडले. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांनी पखवाज पुढं ओढला आणि त्या जुन्या पखवाजाबरोबर वाजवायला लागले. घसरायची जागा आली, तिथं मुद्दाम घसरले, आणि ती हसल्यावर बरोबरीनं हसले.

श्रीरंग हरखून बघत होता. पण मास्तरचा कान तो. स्पीकरकडं झुकून त्यानं कपाळाला बारीक आठी घातली.

"अक्का, आवाजामागं अजून चरचर येतेय बघा. बारीक आहे, पण सलग. काळजी करू नका. आणखी एकदा चाळायला लावतो, समूळ जाईल."

यमुनाक्कांनी डोळे मिटून घेतले होते. त्या मिटल्या डोळ्यांनीच हसल्या.

"राहू दे रे ती, श्रीरंगा... त्या दिवशी कुरडया तळत होते मी."