राजवाफ्यातली कणसं

"कणसं कुठे आहेत?" राजा प्रचंडसेन घोड्यावरूनच गरजला. "याच बियाण्याला माझ्या वाफ्यात नारळाएवढी कणसं आली! आणि तुमच्या शिवारात नुसती वाळकी ताटं? आळशी कुठले!"

पिंपळदऱ्याचे शेतकरी माना खाली घालून उभे राहिले. राजाच्या बीजपंडिताने, अनंतशास्त्र्यांनी, ज्वारीचं नवं 'राजबीज' शोधलं होतं आणि यंदा सगळ्यांनी तेच पेरावं असा हुकूम निघाला होता. शास्त्रीबुवा मोठे विद्वान! आयुष्यभर शेतीचा अभ्यास केला, पण पायाला चिखल म्हणून लागू दिला नाही. आजही ते बांधावर पायघड्या अंथरून, नाकाशी अत्तराचा फाया धरून उभे होते.

"बियाणं उत्तमच आहे, महाराज," ते म्हणाले. "शेतकरी वाईट आहेत!"

राजाला ते तत्काळ पटलं. "पुढच्या हंगामात हेच पुन्हा पेरा! माझ्या वाफ्यासारखं पीक आलं नाही, तर गावचं जुनं बियाणं माझ्या घोड्यांना चारीन!"

म्हाताऱ्या येसाजीने घाबरून घराकडे पाहिलं. त्याच्या घरात चुलीच्या वर, आढ्याला, गावच्या जुन्या ज्वारीची निवडक कणसं टांगलेली असत. धुरामुळे त्यांना कीड लागत नसे. कुणाचंही बियाणं बुडालं की तो येसाजीच्या दारात यायचा आणि ओंजळ भरून न्यायचा. तीच घोड्यांच्या पोटात गेली, तर गावाने पेरायचं काय?

पण त्याची लेक भिवरा पदर खोचून पुढे झाली. ही पोरगी गप्प बसणाऱ्यातली नव्हतीच.

"म्हाराज, तुमच्या वाफ्यात जे जे झालं, ते समदं आमीबी करायचं?"

"समदं!" राजाने तिला वेडावलं. "एक गोष्ट जरी कमी पडली तर खबरदार!"

"आन् त्याला जे लागंल ते?"

"असेल तिथून आणा! माझा हुकूम आहे!"

"मंग तशी दवंडी पिटवा, म्हाराज. न्हाईतर लोक आडवं येत्यात."

यात राजाला काही अडचण दिसली नाही. राजेलोकांना ती सहसा दिसत नाही. संध्याकाळपर्यंत राज्यभर दवंडी फिरली.

पेरणीचे दिवस आले, तशी भिवरा राजवाड्यामागे वाफा बघायला गेली. वाफा कसला, ओसरीएवढा तुकडा! पण त्याचा माळी छाती फुगवून सांगू लागला. खत हत्तीचं. पाणी राजवाड्याच्या विहिरीचं, पखालीने आणलेलं. ऊन चढलं की वर राजछत्र. पाखरं हाकलायला नगारखाना. भिवरा एकेक गोष्ट मनात साठवत गेली.

"आनिक काय, मामा?"

"आणि रोज सकाळी महाराज स्वतः येऊन वाफ्याला फेरी घालायचे अन् म्हणायचे, शाब्बास!"

भिवरा हसत हसत घरी गेली.

पुढे एका सकाळी प्रचंडसेन जागा झाला तो आपोआप. रोजचा नगारा वाजलाच नव्हता.

"नगारे कुठे आहेत?"

"पिंपळदऱ्याला, महाराज," सेवक चाचरत म्हणाला. "पाखरं हाकलतायत."

"बरं, आंघोळीचं पाणी काढा!"

"पखालवाले तिकडेच गेलेत, महाराज. पेरणीला पाणी घालायला."

"मग हत्ती आणा! मीच जाऊन बघतो!"

"हत्ती खतासाठी नेलेत. छत्रही नेलं. आम्ही अडवत होतो, पण ती पोरगी म्हणाली, दवंडी ऐकली न्हाई का?"

पारोसा राजा पाय आपटत बाहेर आला. दारात भिवरा बैलगाडी जुंपून उभी!

"चला, म्हाराज! तुमचीच वाट बघत हुते."

"मी? कशाला?"

"फेरी घालायला! शिवार मोठं हाय, आत्ता निगालं तर दिस मावळंस्तवर हुईल. दर वावराला एक शाब्बास. उद्या सकाळी पुन्यांदा!"

"वेडी आहेस का?" राजा ओरडला. "हत्तीचं खत, राजवाड्याचं पाणी, वर छत्र, आणि फेरीला राजा! अगं, एवढं सगळं मिळालं तर दारातल्या खुंटीलाही कणसं येतील!"

गलबला ऐकून शास्त्रीबुवाही अंगणात आले होते. त्यांच्या हातातला अत्तराचा फाया खाली पडला. भिवराने हात जोडले.

"ह्ये तुमी बोललासा, म्हाराज. मी बोलले असते तर माझं डोस्कं उडालं असतं!"

राजाने तिच्याकडे पाहिलं, मग शास्त्रीबुवांकडे पाहिलं, आणि पोट धरधरून हसू लागला. "जा पोरी! गावचं बियाणं गावातच राहील. घोडे कडबा खातील! आता तुझ्यासाठी माग, काय हवं ते!"

"ह्ये शास्त्रीबुवा द्या, म्हाराज! एका हंगामापुरतं. आमचं बैल, आमचं पानी, आन् त्यांचं बियाणं. त्यांच्या हातानं पेरू देत."

"दिले!"

शास्त्रीबुवांचा चेहरा पडला. "महाराज, निदान पायघड्या तरी बरोबर..."

"आना की, बुवा!" भिवरा म्हणाली. "आमचं बुजगावणं उघडंच हाय!"

राजा इतका हसला, की शेवटी त्याला सेवकांनी धरून बसवलं. आणि शास्त्रीबुवा पायघड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन भिवराच्या गाडीमागून चालू लागले.