चाकांवरचा कारखाना

फार पूर्वी सुवेणू नगरीत राजा सुभग राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने बैलाचा जन्म घेतला होता. शेठ सुवत्ताच्या कारखान्याचा तो धुरेचा बैल होता, आणि तो कारखाना चाकांवर होता.

ऐकणाऱ्याला हे खोटे वाटते, म्हणून नीट सांगतो. माग, रंगाच्या कढया, विणकरांच्या झोपड्या, त्यांच्या चुली, सगळे एकाच प्रचंड गाड्यावर बसवलेले. ओढायला बैलांच्या चाळीस जोड्या. गाडा चढाला लागला की पुढच्या घरची कढी मागच्या घरात जाई, आणि उताराला लागला की परत येई. त्यावरून भांडणे होत नसत, कारण चढ आणि उतार सारखेच होते.

ज्या नगरीचा राजा कर माफ करी, तिथे सुवत्त गाडा नेई. माफीची मुदत सरत आली की शेजारच्या राजाला निरोप जाई, "येऊ म्हणतो, काय सोडाल?" तो राजा आधीच्याहून जास्त सोडी. मग नव्या वेशीवर हार, तुताऱ्या आणि बैलांना गूळ. बोधिसत्त्वाला गूळ फार आवडे. बोधिसत्त्व झाला तरी बैलच तो.

असा हा गाडा सुवेणूच्या पश्चिम वेशीतून आत आला. राजा सुभग हरखून गेला. त्याने दवंडी पिटवली, की जो कोणी धंदा घेऊन बाहेरून पश्चिम वेशीने येईल, त्याला दहा वर्षे कर माफ. गाड्यासाठी मैदान सपाट केले, मंडप घातला. त्याचा खर्च तळ्याच्या बांधासाठी राखलेल्या करातून झाला. बांधाला हाताचा पंजा शिरेल एवढी भेग पडली होती, आणि बांधाच्या खालच्या अंगाला कुंभारवाडा होता.

तिथली खेमा कुंभारीण मंडपात मडकी पोचवायला आली, तेव्हा बोधिसत्त्व गुळाची ढेप चघळत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"खा बैलोबा, खा. आमच्या बांधाची माती आहे ती. गोड लागते ना?"

बोधिसत्त्वाचे तोंड थांबले. त्या काळी बैलांना बोलता येत असे, पण ते उगाच बोलत नसत.

"कसली माती, बाई?"

"आम्ही दिलेला कर बांधाला लागायचा, तो तुमच्या पाहुणचाराला लागला. पावसाळ्यात बांध फुटला की माझं घर, भट्टी, सासूबाई, सगळं वाहून जाणार. सासूबाई तशा जड आहेत, त्या कदाचित राहतील."

"मग तुम्हीही माफी मागा."

"मागितली. म्हटलं, चाकावरच्या धंद्याला माफी असेल तर माझा जन्म चाकावरच गेलाय. कोषाध्यक्ष म्हणतो, तू इथलीच आहेस, तुला कशाला बोलवायचं?"

बोधिसत्त्वाने उरलेली ढेप नाकाने दूर सारली. थोडा वेळ रवंथ केले.

"बाई, नगरीला पूर्वेकडेही वेस आहे ना?"

"आहे की."

"उद्या सकाळी तिकडून बाहेर जा. बरोबर शेजाऱ्यांनाही न्या."

दुसऱ्या दिवशी खेमा आपले चाक डोक्यावर घेऊन पूर्व वेशीतून बाहेर पडली, तटाला वळसा घालून पश्चिम वेशीतून आत आली. राजाने तिला हार घातला आणि कर माफ केला. मागून तेली घाणा ढकलीत आला. न्हावी वस्तरा परजत आला. हलवाई तर पेटलेल्या चुलीसकट आला आणि वाटेत जिलब्या तळीत आला.

"पाहिलंत? आपल्या नगरीचं नाव कुठवर पोचलंय," राजा कोषाध्यक्षाला म्हणाला.

दुपारपर्यंत त्याचे हात भरून आले. हार संपले, तेव्हा माळीण त्याच वेशीतून टोपली घेऊन आली आणि आधी माफी घेऊन मगच हार दिले. शेवटी पळी घेऊन राजवाड्यातला आचारी आला.

"तुला कुठंतरी पाहिलंय," राजा म्हणाला.

"शक्य आहे, महाराज. काल रात्री मीच वाढलं होतं."

राजाने कोषाध्यक्षाकडे पाहिले. "आता कर देणारे किती उरले?"

"एक."

"कोण?"

"आपण, महाराज."

राजा हसत हसत वेशीच्या पायरीवर बसला. मग त्याला भेग आठवली. "आणि बांध कोण बांधणार?" त्याने विचारले. खेमाने वेशीजवळच्या मंडपातल्या बैलाकडे बोट दाखवले.

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, शेठ रंगारी आहे. रंगाला पाणी लागतं. पाणी धरून ठेवायला बांध लागतो. तुम्ही बांध मोडून रंगारी आणलात. कर थोडा घ्या, पण सगळ्यांकडून घ्या."

राजाने माफी रद्द केली, कर थोडा उतरवला आणि सर्वांना सारखा लावला. सुवत्त भडकला. "जुंपा बैल. शेजारचा राजा वाट पाहतोय."

बैल जुंपले गेले. बोधिसत्त्व खाली बसला. त्याच्यामागे चाळीसही जोड्या बसल्या. शेठ स्वतः गुळाचे ताट घेऊन आला.

"ऊठ रे बाबा. पुढच्या वेशीवर याच्या दुप्पट गूळ आहे."

बोधिसत्त्वाने गुळाकडे बराच वेळ पाहिले. खरे सांगायचे तर लाळही गळाली. मग त्याने मान फिरवली.

"शेठ, आजवर एक तरी लुगडं तुम्ही एकाच पाण्यात रंगवलंत का? पदर एका गावचा लाल, काठ दुसऱ्या गावचे."

"गिऱ्हाईक मला विचारतं, बाबा, दोन लुगडी शिवून एक केलंत काय," गाड्यावरून एक म्हातारा विणकर बोलला. तो हातोडा घेऊन खाली उतरला आणि त्याने पहिल्या चाकाची खीळ ठोकून काढली. मग सगळेच उतरले. निघालेल्या चाकांच्या मातीगाड्या झाल्या, त्या बैलांनीच ओढल्या, आणि बांध भरू लागला.

सुवत्त मंडपात रुसून बसला. मग एके सकाळी तळ्याच्या पाण्यात रंगवलेले लुगडे दोरीवर चढले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लाल. त्याने ते दोन्ही बाजूंनी पाहिले, पागोटे सारखे केले आणि त्यावर मातीची पाटी घेऊन बांधाकडे चालू लागला. खेमाने त्याला वाट करून दिली. त्या पावसाळ्यात तळे काठोकाठ भरले आणि कुंभारवाडा कोरडा राहिला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका भिक्षूसाठी सांगितली. जिथली खीर घट्ट, त्या विहारात तो मुक्काम हलवीत असे. तोच तेव्हाचा शेठ सुवत्त होता. राजा सुभग म्हणजे शास्त्यांचा शिष्य आनंद, खेमा म्हणजे विहारात रोज पाणी भरणारी उपासिका, आणि बैल म्हणजे शास्ते स्वतः. कथा संपली तेव्हा भिक्षूने बांधलेली वळकटी सोडली आणि अंगण झाडायला घेतले. त्या दिवशी भिक्षापात्रात नुसती पेज होती. नव्याला आणि जुन्याला एकाच मापाने मोजणारी, त्या जन्मी बोधिसत्त्वाने पाळलेली ही समदृष्टी.