चालीवर चढवलेले दागिने

फार फार पूर्वी एका राजाने मुलांसाठी गाण्याची शाळा काढली आणि पहिलंवहिलं गाणं बांधायचं काम एका तरुण गायिकेवर सोपवलं. तिची लेकही त्याच शाळेत जाणार होती.

गायिकेने मुलांचे गळे ओळखून चाल बांधली. चारच सूर, तेही शेजारी शेजारी बसलेले. ओळ इतकी आखूड, की इवल्या छातीतला दमही पुरावा.

दरबारातल्या तिघा गवईबुवांनी ती ऐकली आणि नाकं मुरडली.

"एवढंच? अहो, हे तर पाळण्यातलं पोरही म्हणेल!" थोरले बुवा म्हणाले आणि त्यांनी मध्ये एक लांबलचक तान घातली. मधल्यांनी ओळीच्या शेवटी मुरकी अडकवली. धाकट्यांनी "आमच्या घराण्याची खूण हवी" म्हणत शेवटचा सूर थेट वरच्या सप्तकात नेऊन टांगला.

गायिकेला राग आला, पण तिने तो गिळला. एवढी थोर माणसं, आपलंच चुकत असेल! तसं तिला नेहमीच वाटे. लेक शिंकली तरी वाटे.

शाळा सुरू झाली. तानेत मुलांचा दम तुटे, वर जाताना आवाज चिरके. शिकवायला तेच बुवा; ते मुलांना अंगठे धरून उभं करत. "गळे आहेत की फुटकी मडकी?" म्हणत.

राजा परीक्षेला आला तेव्हा सगळी मुलं अडखळली. थोरल्या बुवांनी गायिकेच्या लेकीकडे बोट केलं. "महाराज, आधी हिला काढा. ही तर तोंडच उघडत नाही."

एकेकाळी घरभर गुणगुणत हिंडणारी पोर मान खाली घालून उभी होती. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काढा की! पण आधी तुम्ही म्हणा, बुवा. तिघंही. अख्खं गाणं, सलग!"

थोरल्यांचा आवाज वर जाता जाता फाटला. मधल्यांची तानेतच दमछाक झाली. धाकट्यांची मुरकी घशात अडकली.

"जो तो आपल्या तुकड्यापुरता शहाणा," ती कडाडली, "आणि अंगठे धरायचे पोरांनी?"

राजाने बुवांना शाळेबाहेर काढलं आणि मूळ चाल परत आणली. दिवस मावळायच्या आत मुलं ती गाऊ लागली.

लेक मात्र गायली नाही. तिचा आवाज परत यायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं, आणि आपण वेळेवर भांडलो नाही याचा राग आईच्या मनातून कधीच गेला नाही.

तात्पर्य: पहिली पायरी लहानांनी चढण्यासाठी असते; मोठ्यांनी तिच्यावर आपल्या मोठेपणाचा कळस बांधू नये.