हरबा कल्हईवाल्याने ओळखलेली पात्रं

वडगावात एक भोळा कल्हईवाला राहत होता, हरबा नावाचा. इतका भोळा, की "दार लाव" म्हटलं तर विचारायचा, "कुठे लावू? अंगणात की परसात?"

त्याच्या धाकट्या बहिणीला, चंपाला, एक स्थळ आलं. मुलगा सदानंद, शाळामास्तर. चंपाला तो मनापासून आवडला होता. पण मुलाचे वडील रखमाजीबुवा अडून बसले. म्हणाले, "आमचं घर वाचणाऱ्यांचं. मुलीच्या भावाने एक गोष्ट वाचावी आणि पात्रांचे स्वभाव ओळखून दाखवावेत. मगच सोयरीक."

चंपा रडकुंडीला आली. "दादा, माझं लग्न आता तुझ्या हातात आहे रे!"

हरबाने दोन्ही हात बघितले. हातात नुसती काजळी. पण बहिणीवर जीव फार, म्हणून तडक गावातल्या कुळे गुरुजींकडे गेला. अक्षरं लावून लावून वाचता यायचं त्याला, स्वभावाचं तेवढं अडलं होतं.

गुरुजी शुद्ध मराठीचे. पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, जल प्यायचे. त्यांनी पहिला धडा दिला, "पात्राच्या वरच्या रूपाला भुलू नकोस. आतून कसं आहे ते पाहा."

एवढंच ना! हरबाचा जन्म भांडी आतून बघण्यात गेलेला. त्याने पाटलीणबाईंचा हंडा उचलला, आत डोकं घातलं आणि भर आळीत ओरडला, "वहिनी, तुमचं पात्र आतून काळं आहे! पक्कं कपटी!"

पाटलीणबाई लाटणं घेऊन धावल्या.

गुरुजी म्हणाले, "असं घाईने ठरवू नये. पात्र काय बोलतं ते ऐकावं."

हरबा तासभर घागरीच्या तोंडाला कान लावून बसला. "गुरुजी, नुसतं घूं घूं करतंय. रडकं आहे."

"शिव शिव! अरे, संकटात कसं वागतं ते पाहा."

हरबाने घागर विहिरीत टाकली. "गुरुजी, काडीचा धीर नाही हो त्याला. बुडबुड करत तळ गाठला."

तेव्हा कुठे गुरुजींच्या डोक्यात उजेड पडला. "अरे शुंभा! पात्र म्हणजे भांडं नव्हे! पात्र म्हणजे माणूस! यापुढे पात्र म्हटलं की माणूस समजायचं. कळलं?"

"कळलं. पात्र म्हणजे माणूस."

आणि खरंच कळलं हो! मुलाकडची मंडळी आली. रखमाजीबुवांनी एका आत्याबाईची गोष्ट पुढे केली. हरबाने वाचली आणि सांगितलं, "आत्याबाई चिक्कू. पुरावा म्हणजे, पाहुणा दारात दिसला की ती चुलीत पाणी ओतते."

"वा! पुराव्यासकट!" रखमाजीबुवा खूश झाले. पोहे झाले. सदानंद चंपाकडे बघून हसला, चंपा लाजली. सगळे देवापुढे नारळ ठेवायला आत निघाले. जाता जाता गुरुजी म्हणाले, "हरबा, ओसरीवरची रिकामी पात्रं परसात ने. राखेने खसखसून घास आणि उन्हात पालथी घालून ठेव."

हरबा ओसरीवर आला. पोह्यांच्या बशा तिथेच पडल्या होत्या. त्यांच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पात्र म्हणजे माणूस. आता रिकामं माणूस कोणतं? सदानंद एकटाच मागे राहिला होता, काही काम न करता बसलेला.

"चला परसात," हरबा म्हणाला. "गुरुजींनी सांगितलंय."

गुरुजींचं नाव ऐकून बिचारा निमूट उठला.

मंडळी बाहेर येतात तो नवरा मुलगा गायब! सगळे परसात धावले. सदानंद भिंतीला टेकवलेला, डोकं खाली, पाय वर, अंगभर राख. चंपाने किंकाळीच फोडली.

"हरबा! हे काय रे?" गुरुजी ओरडले.

"वाळत घातलाय. पण स्वभाव ओळखला बरं का मी. मुलगा सोशिक. पुरावा म्हणजे, दोनदा घासला तरी एका शब्दाने बोलला नाही."

"बोलेल कसा? तोंडात नारळाची शेंडी कोंबली आहेस!"

"मग? आतून घासायला नको?"

रखमाजीबुवांनी हातातला नारळ आपटला. "मोडली! ही सोयरीक मोडली!"

चंपा हमसून हमसून रडायला लागली. हरबाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाह्या वर केल्या.

"रडू नकोस चंपे. मोडली तर मोडली. बुवा, तुकडे इकडे द्या. आत्ता भट्टी पेटवतो आणि सांधून देतो."