चैत्रातला सैल नगारा

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुनी, ते नेमके सांगता येत नाही. एका राज्यात राजा होता, प्रधान होता आणि गावोगावच्या जाणत्या माणसांची एक सभाही होती. काय करायचे ते सभा ठरवी, प्रधान ते करवून घेई. ठरल्याप्रमाणे झाले की नाही हे पाहायला सभेने एक तपासनीस नेमला होता. तो राजाचा चाकर नव्हता, प्रधानाचाही नव्हता. तो फक्त सभेला उत्तर देई.

या तपासनीसाने पुष्कळ ग्रंथ वाचले होते आणि म्हणूनच की काय, त्याला कशाचीच खात्री वाटत नसे. घराला कडी लावून निघाला, की वीस पावलांवरून परत येऊन कडी ओढून बघे. असला माणूस तपासणीला बरा, असे सभेला वाटे.

त्याच्या कामाला एक नियम होता. ज्याच्या कामात खोट सापडेल त्याला ती आधी कळवायची, त्याचे उत्तर घ्यायचे आणि सभेत दोन्ही एकाच आवाजात वाचायची.

राज्यातल्या नदीवर पाच चौक्या होत्या. पाणी चढले की वरच्या चौकीने नगारा वाजवायचा, तो ऐकून खालच्या चौकीने. असा आवाज शेवटच्या गावापर्यंत पोहोचला, की माणसे गुरांसह उंचावर जात. सभेची आज्ञा होती : ‘प्रत्येक चौकीवर ताणलेला नगारा असावा.’

चैत्रात वाटा कोरड्या असतात, म्हणून तपासनीस चैत्रात निघाला. चार चौक्यांचे नगारे टिपरू लावताच दणाणले. त्याने चौघा राखणदारांना शाबासकी दिली. मधल्या, तिसऱ्या चौकीवर एक विधवा बाई राखणदार होती. तिच्या नगाऱ्याचे कातडे सैल पडले होते. त्यातून नुसती थपथप निघाली. तपासनीसाने लिहिले : ‘तिसऱ्या चौकीचा नगारा सैल. राखणदाराची हयगय.’

प्रधानाला हे कळले. “सभा भरली की बाईला काढतो,” तो म्हणाला. बाई राहत होती चौकीतच. चौकी गेली तर तिचे घरही जाणार होते.

नियमाप्रमाणे तिचे उत्तर आले. गावच्या कुळकर्ण्याकडून तिने ते लिहून घेतले होते : ‘उन्हात कातडे ताणून ठेवले तर तडकते. आभाळ भरून आले की मी विस्तवाची ऊब देऊन ताणते. तपासनीसबुवांनी पावसात येऊन वाजवून बघावा.’

तपासनीसाला एवढे उत्तर वाचून मोकळे होता आले असते. पण त्याला सभा ठाऊक होती. त्याच्या कागदावर सगळे विश्वास ठेवतील आणि बाईच्या उत्तराला हसतील. दोन दिवस त्याला जेवण गोड लागले नाही. तिसऱ्या दिवशी कोणालाही न कळवता तो पुन्हा नदीवर गेला.

दुसऱ्या चौकीचा राखणदार कातडे शिवत बसला होता. नगारा या काठापासून त्या काठापर्यंत फाटला होता.

“हे कधी झाले?”

“तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी.”

“ताणून ठेवला होता म्हणून?”

“मग काय. एरवी आम्हीपण उन्हाळ्यात सैलच ठेवतो, बुवा. तुम्ही येणार असं कळलं म्हणून ताणला. वर तुम्ही शाबासकी दिलीत. मग सैल करायला हात धजेना.”

“मला सांगायचे होतेस.”

“तुम्ही ताणलाय का तेवढंच पाहिलंत. विचारलंत कुठं?”

चौथ्या चौकीचा नगाराही फुटलेला निघाला. पहिल्या आणि पाचव्या चौकीवाल्यांनी त्याची पाठ वळताच नगारे सैल केले होते, म्हणून ते वाचले. मग तपासनीस तिसऱ्या चौकीवर आला.

“आता काय राहिलं तपासायचं?” बाईने विचारले.

“माझेच काम,” तो म्हणाला. “नगारा ओला करून ताणून दाखवता?”

तिने कातड्यावर पाणी मारले, निखाऱ्यांवर ते शेकले, वाद्या आवळल्या. भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात नगारा गर्जू लागला. मग तिने वाद्या पुन्हा सैल केल्या.

“पावसात या,” ती म्हणाली. “तोवर चौकी माझ्याकडं राहिली, तर.”

सभा भरली. तपासनीसाने आधी खोट वाचली, मग बाईचे उत्तर वाचले, मग त्याच आवाजात तिसरे पान वाचले : ‘तिसरी चौकी निर्दोष. दुसऱ्या आणि चौथ्या चौकीचे नगारे फुटले. कारण, माझी तपासणी. मी आज्ञेतला शब्द तपासला. पूर आला तर खालच्या गावाला ऐकू जाईल का, हे तपासले नाही.’

प्रधान मोठ्याने हसला. “म्हणजे सभेचा तपासनीसच दोन नगारे फोडून आला. आणि हा आमच्या चुका काढणार!”

“प्रधानजींचे म्हणणेही लिहून घ्यावे,” तो म्हणाला. “ते खरे आहे.”

त्याला काढून टाकावे, असे काहीजण म्हणू लागले. तेव्हा नदीच्या अगदी खालच्या गावचा एक म्हातारा सभासद उठला. “याने ते पान दडवलं असतं, तर बाईची चौकी गेली असती, दोन नगारे मुके राहिले असते आणि पुरात आमचं गाव वाहून गेलं असतं. तपासणी मात्र बिनचूक ठरली असती.”



सभेने आज्ञा बदलली : ‘नगारा पुढच्या चौकीला ऐकू गेला पाहिजे.’ बाईची चौकी कायम राहिली आणि उरलेल्या चौघांना पावसात नगारा झटपट कसा ताणायचा हे शिकवायचे कामही तिला मिळाले. फुटक्या नगाऱ्यांवर नवी कातडी चढली. तपासनीसाचे पुढच्या ओळीतले आसन गेले, पण काम राहिले. दरवर्षी भर पावसात नदीवर जायचे, असे त्याला फर्मावण्यात आले. तो शिंकत, कुरकुरत गेला.

त्याच आषाढात नदी चढली. पाचही नगारे एकामागून एक वाजले. खालची गावे वेळेत उंचावर गेली. एक वासरूसुद्धा वाहून गेले नाही.

तात्पर्य : दुसऱ्याच्या चुका जो भरसभेत वाचतो, त्याने स्वतःची चूकही त्याच सभेत, त्याच आवाजात वाचावी.