सामडा नायक परतला नाही

फार वर्षांपूर्वी आपल्या या घाटांवर एका परक्या सम्राटाचा अंमल होता. सम्राटाला इथे कुणीच पाहिलं नव्हतं. खाली बंदरात त्याचा क्षत्रप बसे, आणि घाटातल्या गावोगावचे नायक त्याच्या हातून नायकीचा दंड, म्हणजे मानाची काठी, घेत. दंड हाती असेल तोवरच नायकी.

पाथरधारचा नायक होता सामडा. असं म्हणतात, की दंड हाती आला त्या दिवसापासून त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. निवाडा तो करी, पण मान परक्याचा. न्यायाला बसला तरी मधेच उठून फेऱ्या मारी.

एका वर्षी क्षत्रपाचा निरोप आला. "पलीकडचं खोरं आम्हाला जुमानत नाही. फौज येते आहे, तिला आडवाट दाखव. नाही म्हणालास तर दंड तुझ्या चुलतभावाला." चुलतभावाला वाट ठाऊक होती, आणि तो टपलेलाच होता.

पलीकडच्या खोऱ्यात पाथरधारच्या लेकी नांदत होत्या.

सामडा तीन दिवस कड्यावर येरझाऱ्या घालत राहिला. चौथ्या दिवशी गावासमोर येऊन म्हणाला, "वाट मी दाखवीन."

गाव सुन्न झालं. एक म्हातारी पुढे आली. "माझी पोर आहे रे तिकडे, नायका! तिच्या दारात फौज नेणार तू?"

तो दंड उचलून घराकडे वळला. निघताना उंबऱ्यात बायकोला, नागुलाला, मात्र त्याने मनातलं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "परत कधी येणार?"

"मला परतीची वाट सापडली, तर त्यांनाही सापडेल."

मग तो चालू लागला आणि मागे फौज. असं म्हणतात, त्या दिवशी उतरलेलं धुकं सात दिवस हटलं नाही. धुक्यातून सेनापतीचा आवाज येई, "अजून किती?" सामडा म्हणे, "हे काय, पुढच्या वळणावर." हळूहळू आवाज लांब गेले. आठव्या दिवशी ऊन पडलं, तर घाटात ना घोडा, ना भाला, ना सामडा. पलीकडच्या खोऱ्यात चुली पेटलेल्या होत्या.

आजही भाद्रपदात धुकं दाटलं, की दोन्ही खोऱ्यांतल्या बायका भाकरी बांधून घाटमाथ्यावर जातात आणि हाक मारतात, "नायका, फौज गेली रे! घरी ये!" उत्तर येईपर्यंत कुणी खाली बसायचं नाही, असा नेम आहे.

उत्तर अजून आलेलं नाही. बायका उभ्यानेच भाकरी खातात आणि उतरणीला लागतात.