मुंगीचा चुरमुरा आणि गजाआडची रेवा

मुंगी केवढी? तिळाएवढी. तिचा चुरमुरा केवढा? तिच्याहून मोठा.

चुरमुरा डोक्यावर घेऊन मुंगी निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु. अंगणात दोन फरश्यांमध्ये होती फट. मुंगी अडखळली. चुरमुरा फटीत गेला. गडप.

मुंगीनं ओढला. निघेना. पुन्हा ओढला. निघेना. घरी बाळं उपाशी. मुंगी अगदी रडकुंडीला आली.

"इथं इवलं बोट हवं," मुंगी म्हणाली. "इवलं बोट कुणाचं? रेवाचं."

रेवा होती वर, गॅलरीत. गॅलरीला उंच उंच गज. रेवाच्या डोक्याला टोपी, पायांत मोजे, गुडघ्यांना मऊ पट्ट्या. हातात कागदाचं भिरभिरं. सगळं होतं बाई तिच्याकडे. फक्त अंगण नव्हतं.

मुंगी भिंत चढली. सरसर, सरसर.

"रेवा, रेवा, खाली ये.
माझा चुरमुरा निघत नाही."

"आले असते गं," रेवा म्हणाली. "पण आई सोडत नाही, मी येत नाही."

मुंगी गेली स्वयंपाकघरात. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आई, आई, रेवाला सोड.
रेवा येत नाही,
माझा चुरमुरा निघत नाही."

"अगं, ती पडली तर? तिला लागलं तर?" आई म्हणाली. "आजोबांनी बाकावर बसून लक्ष ठेवायला हवं. आजोबा बसत नाहीत, मी सोडत नाही."

मुंगी गेली अंगणात. तुरुतुरु, तुरुतुरु. आजोबा आपले उभेच.

"आजोबा, आजोबा, बाकावर बसा.
आई सोडत नाही,
रेवा येत नाही,
माझा चुरमुरा निघत नाही."

"बसू कुठं?" आजोबा म्हणाले. "बोका पसरलाय. उठवला तर ओरबाडतो. बोका उठत नाही, मी बसत नाही."

मुंगी गेली बाकावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बोकोबा, बोकोबा, आता उठ.
आजोबा बसत नाहीत,
आई सोडत नाही,
रेवा येत नाही,
माझा चुरमुरा निघत नाही."

बोक्यानं एकच डोळा उघडला. "काय छान ऊन पडलंय. ऊन जात नाही, मी उठत नाही."

मुंगीनं मान वर केली.

"उन्हा, उन्हा, जरा जा.
बोका उठत नाही,
आजोबा बसत नाहीत,
आई सोडत नाही,
रेवा येत नाही,
माझा चुरमुरा निघत नाही."

"मला कोण सुट्टी देणार?" ऊन म्हणालं. "ढग येत नाही, मी जात नाही."

मुंगी नारळाच्या झाडावर चढली. सरसर, सरसर. पार शेंड्यावर.

"ढगा, ढगा, इकडे ये.
ऊन जात नाही,
बोका उठत नाही,
आजोबा बसत नाहीत,
आई सोडत नाही,
रेवा येत नाही,
माझा चुरमुरा निघत नाही."

"मला काय पाय आहेत?" ढग म्हणाला. "वारा सुटत नाही, मी येत नाही."

वारा कुठं होता? पाण्याच्या टाकीमागे. फुगून बसला होता.

"वाऱ्या, वाऱ्या, आता सूट.
ढग येत नाही,
ऊन जात नाही,
बोका उठत नाही,
आजोबा बसत नाहीत,
आई सोडत नाही,
रेवा येत नाही,
माझा चुरमुरा निघत नाही."

"कुणासाठी सुटू?" वारा म्हणाला. "अंगणात पोरं यायची, तेव्हा मजा होती. आता सगळी गजाआड. एक भिरभिरं फिरवायला मिळत नाही. भिरभिरं मिळत नाही, मी सुटत नाही."

भिरभिरं? मुंगी परत धावली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

"रेवा, रेवा, भिरभिरं बाहेर धर."

गजांतून हात बाहेर काढायचा नाही, असं आईनं सांगितलं होतं. रेवानं काढला. चांगला कोपरापर्यंत काढला.

मग काय?

वारा सुटला,
भिरभिरं फिरलं, भिर्र भिर्र,
ढग आला,
ऊन गेलं,
बोका उठला,
आजोबा बसले,
आईनं रेवाला सोडलं,
रेवा जिना उतरली, धाडधाड धाडधाड.

इवलं बोट फटीत गेलं. टुक्. चुरमुरा बाहेर.

मुंगीनं चुरमुरा उचलला आणि ती घरी पळाली. बाळांनी आधी चुरमुरा खाल्ला, मग मुंगीआईला विचारलं, एवढा उशीर का?

रेवा मात्र अंगणातच राहिली. इकडे पळाली, तिकडे पळाली. वाऱ्यानं टोपी उडवली. रेवा टोपीमागे धावली आणि पडली. धप्प.

आजोबा उठले. आई धावत खाली आली. रेवाचं कोपर खरचटलं होतं. रेवानं ओठ काढला. कोपराकडे पाहिलं. फू फू केलं. मग उठली.

आई दोन्ही हात पसरून समोर उभी.

"आई, बाजूला हो ना," रेवा म्हणाली. "मला पळायचंय."

आईला भीती वाटत होती. खूप खूप वाटत होती. पण आई बाजूला झाली.

मुंगीची बाळं पोटभर जेवली, रेवा पोटभर खेळली, आणि गोष्ट आपल्या पायांनी घरी गेली.